नोंद नसलेला गुरुवार

११ सप्टेंबर

ताई,

काल संध्याकाळी तुझ्या दाराबाहेर पाऊण तास उभी होते. तू आत होतीस. नळ बंद केल्याचा आवाज मला ऐकू आला. खालचा इस्त्रीवाला म्हणाला, "वर आहेत, पण उघडत नाहीत कोणाला. परवा पोलीस आले, त्यांच्याशीसुद्धा जिन्यातूनच बोलल्या." म्हणून हे पत्र. दाराखालच्या फटीतून सरकवते आहे.

भाऊजींनी भिंगरीला नेलं त्याला आज पाच दिवस झाले. सोमवारी दुपारी बालवाडीतून उचललं आणि मंगळवारी सकाळी ते तिला घेऊन देशाबाहेर, त्यांच्या मोठ्या भावाकडे पोचलेसुद्धा. चार वर्षांची पोर. हे सगळं मला आईकडून कळलं. तू आईला म्हणालीस म्हणे, "धाकटीने माझी मुलगी घालवली."

ताई, तू रागात बोललीस हे मी समजू शकते. पण हे खरं नाही, आणि ते का खरं नाही हे मला तुला नीट सांगायचं आहे.

कोर्ट कितीही मोठं असलं तरी त्याला हद्द असते. असायलाच हवी. नाहीतर ज्याच्या हातात शिक्का, तो वाटेल तिथे उठवत सुटेल. आमच्या कोर्टाची हद्द हमरस्त्याच्या मधल्या दुभाजकापर्यंत, त्यापलीकडे दुसऱ्या कोर्टाची. मुलाच्या ताब्याचा अर्ज, मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात करायचा असतो. भाऊजींचं घर पलीकडच्या बाजूला. तू भिंगरीला घेऊन अलीकडे, या दोन खोल्यांत आलीस त्याला पाचच आठवडे झाले होते. पाच आठवडे म्हणजे 'नेहमी' नव्हे. म्हणून त्या गुरुवारी, दोन तारखेला, तुझा अर्ज परत गेला. तुझा होता म्हणून नाही, कोणाचाही गेला असता.

"मग कुठे जाऊ ते तूच सांग," असं तू अर्ज घ्यायच्या माझ्या खिडकीच्या काचेतून विचारलंस, तेव्हा मी त्या कोर्टाचा पत्ता, मजला, बसचा नंबर, सगळं एका चिठ्ठीवर लिहून दिलं. एवढं तरी आठव.

दार उघड. आईचं ब्लडप्रेशर वाढलं आहे.

तुझी,
धाकटी


१७ सप्टेंबर

ताई,

इस्त्रीवाल्याने सांगितलं की पाकीट तू आत ओढून घेतलंस. वाचलंस की नाही ते देव जाणे.

काल अर्धी रजा टाकून मी पलीकडच्या कोर्टात गेले. तिथल्या खिडकीवर साधारण माझ्याच वयाचा एक कारकून आहे. स्वेटरच्या कोपरांना ठिगळं, समोर पेन्सिली टोक करून ओळीने मांडलेल्या. मी ओळख सांगितली तेव्हा खूश झाला. आपल्याच खात्यातलं माणूस आलं म्हणून लगेच चहा मागवला.

"आठवतात ना त्या बाई," तो म्हणाला. "शुक्रवारी आल्या होत्या. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ, आणि ती गाठ काही सुटेना. शेवटी मीच दातांनी सोडली."

"मग?"

"मग काय, वाचला अर्ज. विचारलं, मूल सध्या झोपतं कुठे? त्या म्हणाल्या, माझ्याजवळ, रस्त्याच्या त्या बाजूला. म्हटलं, मग तिकडेच जा, इथे कशाला आलात? तर म्हणाल्या, तिकडूनच पाठवलंय. मी म्हटलं, चुकीचं पाठवलंय. नियम अगदी तोंडपाठ आहे मला."

"त्या येऊन गेल्या याची नोंद केलीत?"

"अहो मॅडम, घेतलाच नाही अर्ज, तर नोंद कशाची? तुम्ही करता का?"

मी चहा संपवला आणि निघाले.

शनिवार-रविवार दोन्ही कोर्टं बंद. सोमवारी भिंगरी गेली. तू ते चार दिवस कसे काढलेस हे मी तुला विचारलेलं नाही. विचारायला तोंड नाही असं आई म्हणते. बाबा लिफ्टमध्ये दिवसभर लोकांना वर-खाली नेऊन येतात, घरी आल्यावर पंख्याखाली बसतात. पूर्वी लिफ्टमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "आमची धाकटी कोर्टात असते." हल्ली सांगत नाहीत वाटतं.

आज सारखं आठवतं आहे, मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा तू भाजी चिरता चिरता माझी वही गुडघ्यावर उघडी ठेवून प्रश्न विचारायचीस. तुला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. माझा एक शब्द इकडचा तिकडे झाला की मात्र तू सुरी रोखून म्हणायचीस, "पुन्हा. पुस्तकात असं नाहीये." सगळ्या व्याख्या तूच माझ्याकडून घोटून घेतल्यास.

एक ओळ लिही. शिवी असली तरी चालेल.

धाकटी


२५ सप्टेंबर

ताई,

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, "तुझा अर्ज परत गेला." अर्ज आपल्या पायांनी परत जात नाही. तो मी परत पाठवला. हे वाक्य लिहायला मला दोन आठवडे लागले.

भिंगरी गेल्यावर तू गाठलेल्या वकीलबाई बुधवारी, आठ तारखेला, तोच अर्ज घेऊन आल्या तेव्हा मी पुन्हा तेच म्हणाले, की हा आमच्या हद्दीत बसत नाही. त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि म्हणाल्या, "बसत नाही असं तुम्हाला वाटतं ना? मग तसा आक्षेप लिहा, अर्जाला नंबर द्या आणि साहेबांपुढे ठेवा. हद्दीत बसतो की नाही ते साहेब ठरवतील. तुम्ही कोण?"

मी फणकाऱ्याने उठून अधीक्षकांकडे गेले. मला वाटलं होतं, ते माझी बाजू घेतील. ते डबा उघडून बसले होते.

"बाई बरोबर बोलतायत," ते म्हणाले. "खिडकीवरच्या माणसाला कामं दोनच. घेणं आणि लिहिणं. 'नाही' म्हणायचा अधिकार या अख्ख्या इमारतीत एकाच माणसाला आहे आणि तो वरच्या मजल्यावर बसतो."

"पण सर, आपण तर रोज दहा-पंधरा जणांना परत पाठवतो."

"पाठवतो. सोय म्हणून. लोक मुकाट्याने जातात म्हणून चालतं. कोणी अडून बसलं तर घ्यावाच लागतो." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "तुला कोणी सांगितलं नाही का हे? मला वाटलं, तू शिकलेली आहेस."

ताई, आपलं कोर्ट कुठपर्यंत हे मला नकाशावर बोट ठेवून सांगता येतं. माझी स्वतःची हद्द कुठे संपते हे मी कधी विचारलंच नाही. पाच आठवडे म्हणजे 'नेहमी' की नाही, हा प्रश्न मोठमोठ्या न्यायाधीशांना अवघड जातो. मी तो उभ्या उभ्या, रांगेतल्या पुढच्या माणसाकडे बघत सोडवला.

आणि याच्याही मागे एक गोष्ट आहे. ऑगस्टमध्ये मी आमच्या खात्यातल्या एका ज्येष्ठ कारकुनाविरुद्ध लेखी तक्रार केली होती. त्यांना सगळे शिक्केवाले म्हणतात. त्यांनी मेहुण्याचा अर्ज रांग मोडून घेतला होता. त्यांना समज मिळाली, आणि मला वाटलं, मी कोर्ट स्वच्छ करते आहे. त्यानंतर अडीच आठवड्यांनी तू खिडकीवर आलीस. तू "अगं छोटे" म्हणालीस तेव्हा शिक्केवाले माझ्या खुर्चीमागे फाइल शोधत होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वा! आज घरचंच कार्य दिसतंय!"

माझे कान तापले. त्यापुढे मी तुझा अर्ज वाचला तो चूक शोधण्यासाठीच. तुझ्या जागी अनोळखी बाई असती तर मी नक्की म्हटलं असतं, "बसा, मी आत विचारून येते." तुला मी तेवढंही म्हटलं नाही. मी किती निःपक्षपाती आहे ते सगळ्यांना दिसायला हवं होतं, आणि ते दाखवायला नेमकी तू सापडलीस.

अजून एक गोष्ट आहे. ती आज लिहिणं जमत नाही.

धाकटी


६ ऑक्टोबर

ताई,

परवाच्या सुनावणीला मला आत बसायची परवानगी नव्हती. पण टायपिस्टबाईंनी सगळं टाइप केलं आणि दुपारी हात धुवायच्या बेसिनपाशी मला गाठून सांगितलं.

तुझ्या नवऱ्याचा वकील (भाऊजी म्हणणं आता मला जमणार नाही) म्हणाला की, अर्ज आला त्या दिवशी मूल कुठे होतं यावर कोर्टाचा अधिकार ठरतो. नोंदवहीत तारीख आठ सप्टेंबर. मूल सातलाच देशाबाहेर पोचलं होतं. म्हणजे या कोर्टाला अधिकारच नाही, विषय संपला.

तू उभी राहून म्हणालीस, "मी दोन तारखेलाच आले होते. तेव्हा माझी मुलगी माझ्याजवळ होती."

"पुरावा?"

"पुरावा नाही. परत पाठवलं मला."

"कोणी परत पाठवलं?"

टायपिस्टबाई म्हणाल्या, इथे त्यांची बोटं टाइपरायटरवर तशीच राहिली. मग तू म्हणालीस, "खिडकीवर एक मुलगी होती."

"नाव?"

"माहीत नाही."

"नाव माहीत नाही, नोंद नाही, पावती नाही," असं म्हणून तो वकील हसला. साहेबांनी पुढची तारीख दिली, तोपर्यंत पुरावा आणा म्हणाले.

मी बेसिनचा नळ किती वेळ चालू ठेवला ते मला कळलं नाही. तू माझ्याशी बोलत नाहीस, माझ्यासाठी दार उघडत नाहीस, आणि तिथे, जिथे माझं नाव घेतल्याने भिंगरी परत यायची शक्यता होती, तिथे तू माझी नोकरी वाचवलीस. कशाला, ताई? मी आणखी किती लहान राहणार आहे?

आता ती राहिलेली गोष्ट. आमच्याकडे एक पद्धत आहे, कुठल्याही नियमात लिहिलेली नाही. पहिल्यांदा अर्ज हातात आला की कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर टाकायचं. तोच कागद पुन्हा आला तर ओळखू यावा म्हणून. शाईने लिहिलं तर ती पावती होते, उद्या कोणी जाब विचारू शकतं. पेन्सिलीचं काही होत नाही. नंबर पडला की ते खोडून टाकायचं.

दोन सप्टेंबरला तुझ्या अर्जावर मी तशी तारीख टाकली होती. वकीलबाईंनी तोच कागद आणला, त्यावर ती होती. आठ तारखेला नंबर देताना मी ती खोडली.

महिनाभर मी स्वतःला सांगत होते, सवयीने खोडली. सवय होतीच. पण खोडरबर उचलताना मला तारीख दिसली होती. भिंगरी गेल्याचं मला आदल्या दिवशीच आईने सांगितलं होतं. त्या दोन आकड्यांचं पुढे काय होईल हे मला माहीत नव्हतं. पण त्यांच्याशेजारी माझं अक्षर आहे, आणि ते तिथे नसलेलं बरं, एवढं मला माहीत होतं.

उद्या मी साहेबांना लेखी निवेदन देणार आहे. दोन तारीख, पेन्सिल, खोडणं, सगळं. वकीलबाईंना भेटून आले. त्या म्हणाल्या, "बहिणीची साक्ष म्हणून धुडकावतील. तरी द्या. दुसरं काहीच नाही आपल्याकडे."

घरी सांगितलं. आई उठून स्वयंपाकघरात गेली. बाबांनी विचारलं, "नोकरी जाईल?"

"जाऊ शकते."

"तुला नक्की आठवतं ना? गुरुवारच होता?"

"नक्की."

ते म्हणाले, "मग आता जेवून घे. उद्या लवकर निघावं लागेल."

धाकटी


२ नोव्हेंबर

ताई,

आई सांगते, तू परवा भिंगरीला आणायला निघते आहेस. हे पत्र तिच्याकडेच देते आहे. वाटेत वाच, किंवा तिथे पोचल्यावर. न वाचलंस तरी जवळ ठेव, कारण शेवटी कामाचं लिहिलं आहे.

मी साक्षीला उभी राहिले तेव्हा तू दुसऱ्या बाकावर होतीस, खाली बघत. तू काय काय ऐकलंस ते मला माहीत नाही. तुझ्या नवऱ्याच्या वकिलाने तासभर सोलून काढलं. "म्हणजे तुम्ही पुरावा नष्ट केलात, आणि आता बहिणीसाठी खोटंही बोलताय, असंच ना?" मी म्हटलं, "बहिणीसाठी बोलायचं असतं तर त्या गुरुवारीच बोलले असते." मागे कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. खरं बोलत होते आणि ते खोट्यासारखं ऐकू येत होतं, केवळ मी तुझी बहीण म्हणून. ज्या नात्याला भिऊन मी तुला परत पाठवलं, त्याच नात्याने माझी साक्ष हलकी केली.

तरी साहेबांनी ती मानली. निकालात लिहिलं आहे की, स्वतःचं एवढं नुकसान होईल असं विधान कोणी विनाकारण करत नाही, सबब अर्ज दोन सप्टेंबरलाच आला असं हे न्यायालय समजते, आणि या न्यायालयास अधिकार आहे. तीस दिवसांत मुलीला हजर करावे. त्याच दिवशी दुपारी माझ्या हातात निलंबनाचा कागद पडला. शिक्केवाले माझं टेबल आवरायला मदत करत होते. म्हणाले, "खरं सांगू का पोरी? त्या दिवशी तू अर्ज घेतला असतास ना, तर मी तक्रार केली असती. टपूनच बसलो होतो." त्यांनी माझा डबा, छत्री आणि पेनांचा पेला एका खोक्यात भरला आणि फाटकापर्यंत स्वतः उचलून आणला.

त्यानंतर निकालांच्या नकला देतात त्या खोलीबाहेर तू भेटलीस. दोन महिन्यांनी पहिल्यांदा समोरासमोर. तू निकालाची प्रत माझ्यापुढे धरलीस आणि म्हणालीस, "याचा अर्थ सांग. साध्या शब्दांत."

"याचा अर्थ, तुझं म्हणणं ऐकायचा हक्क या कोर्टाला आहे."

"आणि भिंगरी?"

"तिला आणा असा हुकूम आहे."

"कोण आणणार?"

मी पुस्तकातलं काहीतरी बोलायला लागले होते. मग थांबले. "इथलं कोणी नाही. हा हुकूम आपल्या देशाच्या कडेला जाऊन थांबतो. तिथल्या कोर्टात तुला हा दाखवावा लागेल. त्यांनी मानला तर."

"नाही मानला तर?"

"माहीत नाही."

"किती दिवस लागतील?"

"माहीत नाही, ताई."

तू प्रत घडी करून पर्समध्ये ठेवलीस. म्हणालीस, "हे 'माहीत नाही' त्या दिवशी म्हणाली असतीस तर मी तिथेच बसून राहिले असते." आवाज चढवला नाहीस. बाजार आणायला निघाल्यासारखी जिना उतरून गेलीस. मी कठड्याला धरून उभी राहिले. मागे हाक मारली नाही.

आई सांगते, रविवारी फोनवर भिंगरी तुझ्याशी दोन मिनिटं बोलली आणि मग म्हणाली, "ठेवू का? काकू बोलावतेय." तिला तिथे जाऊन आज आठ आठवडे झाले. पाच आठवडे म्हणजे 'नेहमी' नव्हे, असं मी ठरवलं होतं. तिथे कोणीतरी आठ आठवडे मोजेल आणि म्हणेल, मूल आता इथलंच. असं म्हणतील याची मला भीती वाटते. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. लपवून खूप झालं.

माफी मागत नाही. ती देणं न देणं तुझ्या हातात आहे, आणि तुझ्या हातातल्या गोष्टी मी यापुढे ठरवणार नाही. फक्त कामाचं लिहिते, कारण मला येतं ते एवढंच.

तिथेही एक खिडकी असेल. आत बसलेल्या माणसाला तुझी भाषा येत नसेल, तुझा हुकूम त्याने कधी पाहिलेला नसेल. तो म्हणेल, हे इथे नाही. दुसऱ्या इमारतीचा पत्ता देईल, मजला सांगेल, बससुद्धा सांगेल, आणि ते इतक्या नम्रपणे सांगेल की तुला आभार मानावेसे वाटतील. जाऊ नकोस. अर्ज घ्या म्हण. घेत नसाल तर का घेत नाही ते लिहून द्या म्हण. मागे रांग लागेल, लोक चिडतील, कदाचित पहारेकऱ्याला बोलावतील. आत एखादी मुलगी असेल, नियम पाठ असलेली, तुझ्याशी बोलताना दुसरीकडेच बघणारी. ती सांगेल ते सगळं तुला खरं वाटेल. वाटू दे. खिडकीसमोरून हलू नकोस.

धाकटी